परक्या मातीतले घर

इंग्लंड देशाच्या मध्यभागी नॉर्थॅम्प्टनशायर नावाचा परगणा आहे. तेथील पॉलर्सपरी या लहानशा खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी विल्यम कॅरीचा जन्म झाला. त्याचे वडील आरंभी हातमागावर कापड विणीत. पुढे ते गावच्या शाळेचे शिक्षक झाले. घरची स्थिती बेताचीच होती. विल्यमची दृष्टी मात्र मोठी चौकस. रानात हिंडावे, निरनिराळ्या वनस्पती आणि किडे गोळा करावेत, ते घरी आणून त्यांचे निरीक्षण करावे, हा त्याचा आवडता उद्योग. त्याच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्याला कोणत्या कोपऱ्यातून काय बाहेर येईल याचा नेम नसे.

त्याला शेतीच्या कामाला लावावे असे घरच्यांच्या मनात होते. पण ऊन लागले की त्याच्या तोंडाच्या व हातांच्या कातडीला फार त्रास होई. म्हणून सावलीत बसून करता येईल असा धंदा शोधावा लागला, आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवारी करू लागला. ज्या मुलाला इंग्लंडचे सौम्य ऊनही सोसवत नव्हते, त्याला पुढे बंगालच्या उन्हात चाळीस वर्षांहून अधिक काळ काढावयाचा होता, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नीही आले नसेल!

जोडे शिवता शिवता विल्यमने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषांचा अभ्यास केला. शेजारी पुस्तक उघडे ठेवावे आणि हाताने टाके घालीत राहावे, असा त्याचा क्रम असे. कप्तान कुक याच्या समुद्रप्रवासाची वर्णने वाचून त्याला दूरदूरच्या देशांचा ध्यास लागला. त्याने कागद जोडून जगाचा एक मोठा नकाशा तयार केला, तो भिंतीवर लावला आणि प्रत्येक देशाविषयी मिळेल ती माहिती त्यावर लिहून काढली.

१० जून १७८१ रोजी त्याचा विवाह डोरोथी प्लॅकेट हिच्याशी झाला. वधू वराहून पाच-सहा वर्षांनी मोठी होती. तिला लिहिता येत नव्हते. विवाहाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली काढली. नवरा भिंतीवरील नकाशातून जगभर फिरत होता. डोरोथीचे जग मात्र दोन-चार खेड्यांएवढेच होते. आपले माहेर, आपली बहीण, आपली भाकरी आणि आपली मुले यांपलीकडे तिला काही नको होते. तसे पाहता यात तिची चूक ती कोणती?

पुढे कॅरी हे बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले. त्यांच्या प्रेरणेने १७९२ साली त्या पंथाची एक मिशनरी संस्था स्थापन झाली आणि हिंदुस्थानात जाण्यासाठी त्यांचीच निवड झाली. जॉन टॉमस नावाचे एक शस्त्रवैद्य त्यांच्याबरोबर निघणार होते. ते पूर्वी बंगालमध्ये राहून आलेले होते. कॅरींनी हा बेत घरी सांगितला, तेव्हा डोरोथीबाईंनी साफ नकार दिला. त्या गरोदर होत्या. तीन लहान मुले पदराशी होती. दोन मुली पूर्वीच दगावल्या होत्या. तेव्हा थोरला मुलगा फीलिक्स याला बरोबर घेऊन पुढे जावे आणि बाकीच्यांना मागाहून न्यावे, असे कॅरींनी ठरविले.

परंतु हा बेत सिद्धीस गेला नाही. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. परवाना नसल्यामुळे कॅरी व टॉमस यांना जहाजावरून उतरावे लागले. हा विलंब एका परीने निर्णायक ठरला. मधल्या काळात डोरोथीबाई प्रसूत होऊन चौथा मुलगा जेबेझ जन्माला आला होता. त्यांना पुन्हा विचारण्यात आले. पुष्कळ आढेवेढे घेऊन अखेर त्यांनी होकार दिला. मात्र धाकटी बहीण किटी हिला सोबत न्यावे, अशी त्यांची अट होती. किटी तयार झाली. घाईघाईने सामान बांधण्यात आले आणि १३ जून १७९३ रोजी एका डॅनिश जहाजातून हे कुटुंब निघाले. फीलिक्स, विल्यम आणि पीटर ही तीन मुले, काही आठवड्यांचे एक तान्हे बाळ, दोन बहिणी आणि कॅरी. पाच महिने समुद्रावर गेले. वाटेत टॉमस यांच्याकडून कॅरी बंगाली शिकत होते. ११ नोव्हेंबर १७९३ रोजी ते सर्व कलकत्त्यास पोहोचले.

नव्या देशात घर मांडणे म्हणजे काय, हे त्यांना आता कळू लागले. कलकत्ता हे महागडे शहर होते. विकून निर्वाह चालवावा म्हणून त्यांनी थोडा माल बरोबर आणला होता. त्याची व्यवस्था टॉमस यांच्याकडे होती आणि त्यांचा हात सैल होता. पाहता पाहता पैसा संपला. शहरातून बाहेर, तेथून पुन्हा दुसरीकडे, अशी या कुटुंबाची ससेहोलपट सुरू झाली. शेवटी एका बंगाली सावकाराने आपल्या बागेतील एक पडके घर त्यांना राहावयास दिले. डोरोथीबाई आणि फीलिक्स यांना तेथेच आमांशाने गाठले. आजारी माणसाला काय खावयास द्यावे, हा मोठाच प्रश्न होता. इंग्लंडातील गरिबांत गरीब माणसाच्या ताटातही पाव असतो. येथे भात होता, भाजी होती. पण पाव नव्हता. दोघी बहिणी त्याविषयी वारंवार तक्रार करीत. आपल्याकडील माणूस परदेशी गेला म्हणजे भाकरीसाठी कसा कासावीस होतो, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही तक्रार क्षुल्लक वाटणार नाही.

१७९४ च्या फेब्रुवारीत कॅरींनी सुंदरबनाकडे जाण्याचे ठरविले. तेथे जंगल तोडून जमीन कसावी, असा त्यांचा विचार होता. रामराम बसू नावाचे मुनशी त्यांना बंगाली शिकवीत. तेही बरोबर होते. होडीतून खाड्यांमागून खाड्या ओलांडीत ही मंडळी निघाली. शिधा संपत आला. कोठे उतरावे हेही निश्चित नव्हते. तेवढ्यात देभाटा या गावी काठावर एक युरोपीय पद्धतीचे घर दिसले. कंपनीच्या मिठाच्या कामावर देखरेख करणारे चार्ल्स शॉर्ट तेथे राहत असत. त्यांना या मंडळींच्या धर्मकार्यात रस नव्हता. परंतु ओळखपाळख नसता त्यांनी सर्वांना घरात घेतले आणि लागेल तितके दिवस राहण्याचा आग्रह केला. माणुसकीला कधी कधी परिचयपत्र लागत नाही, ते असे. देभाटा आज बांगलादेशात आहे.

नदीपलीकडे कॅरींनी बांबूचे घर बांधावयास घेतले. आसपास वाघांचा सुळसुळाट होता. हे घर पुरे होते न होते तोच उत्तरेकडून निरोप आला. माळद्याच्या परिसरात नीळ तयार करण्याचे कारखाने निघाले होते. त्यांपैकी मदनावती येथील कारखान्यावर कॅरींना महिना दोनशे रुपयांवर व्यवस्थापकाची जागा मिळाली. पुन्हा सामान बांधावे लागले. या वेळी किटी बरोबर आली नाही. ती देभाट्यासच राहिली आणि पुढे शॉर्ट यांच्याशी तिचा विवाह झाला. तिचे भले झाले, हे खरेच. पण जिच्या सोबतीच्या भरवशावर डोरोथीबाईंनी मायदेश सोडला, ती बहीणही आता दुरावली. मदनावतीकडे जाणाऱ्या होडीत सुमारे तीन आठवडे काढताना त्यांच्याशी त्यांच्या गावच्या गोष्टी बोलणारे दुसरे बाईमाणूस कोणी नव्हते.

मदनावतीला पक्के घर होते, पगार वेळेवर मिळे. आता संसार स्थिर होईल असे वाटू लागले. पण तो पाणथळ मुलूख तापाचे आगर होता. पावसाळ्यानंतर घरातील एकामागून एक माणूस आजारी पडू लागले. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात पाच वर्षांचा पीटर मरण पावला. आई-वडील दोघेही आजारी होते. मुलाचे दफन करावयाचे, तर मदतीस कोणी येईना. परक्या जातीच्या प्रेताला हात लावला तर आपण वाळीत पडू, अशी भीती गावकऱ्यांना होती. बऱ्याच विनवण्यांनंतर चार मुसलमान गृहस्थ खड्डा खणावयास तयार झाले, आणि त्याबद्दल त्यांच्याशी जेवणव्यवहार बंद करण्याचा प्रयत्नही झाला. गावकरी निर्दय होते असे नव्हे. ते रूढीला भ्यालेले होते. पण ज्या घरात मूल गेले होते, त्या घराला हा भेद कोण समजावून सांगणार?

त्या दुःखातून डोरोथीबाई सावरल्या नाहीत. एका वर्षाच्या आतच त्यांच्या मनाचा तोल ढळला. त्यांना भलतेसलते भास होत. पतीविषयी नाना प्रकारचे संशय येत. कधी त्या फार हिंसक होत. इंग्लंडचे पहिले पत्र हाती यावयास कॅरींना हिंदुस्थानात आल्यानंतर वर्षाहून अधिक काळ वाट पाहावी लागली होती. मग तेथील वैद्याचा सल्ला कोठून मिळणार! मनाच्या रोगांवर उपचार करण्याचे शास्त्र त्या काळी इंग्लंडातही बाल्यावस्थेत होते. १७९६ साली त्यांना आणखी एक मुलगा झाला. त्याचे नाव जोनाथन.

अशा घरात राहून कॅरी अभ्यास करीत होते. दिवसा निळीच्या कारखान्याचा हिशेब, मजुरांची देखरेख. सकाळ-संध्याकाळ बंगाली आणि संस्कृत. ते आसपासच्या खेड्यांतून हिंडत आणि लोकांच्या तोंडची भाषा टिपून घेत. बायबलचे बंगाली भाषांतरही सुरू झाले. १७९८ मध्ये त्यांना लाकडी छापखाना मिळाला. तो मदनावतीस आणून उभा केला, तेव्हा साहेब त्याभोवती इतक्या आस्थेने वावरताना पाहून लोकांना वाटले, हे या साहेबाचे दैवतच असावे!

निळीचा धंदा बुडाला. त्याच सुमारास विल्यम वॉर्ड, जोशुआ मार्शमन, त्यांच्या पत्नी हॅना आणि इतर काही मिशनरी मंडळी इंग्लंडहून आली. कंपनीच्या मुलखात त्यांना राहू देण्यास अधिकारी राजी नव्हते. म्हणून सर्वांनी श्रीरामपूर गाठले. आपल्या महाराष्ट्रातही श्रीरामपूर आहे. हे गाव त्याहून वेगळे. ते कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळी नदीच्या काठी असून त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात होते. १८०० सालच्या जानेवारीत कॅरी कुटुंब तेथे आले.

येथे एक नवीनच प्रयोग सुरू झाला. सर्व कुटुंबांनी मिळून एक मोठे घर घेतले. मिळकत एकत्र, स्वयंपाक एकत्र, पंगत एकत्र. घरखर्चाची जबाबदारी एकेकाने महिना महिना सांभाळावी, असा नियम ठरला. आपल्याकडील एकत्र कुटुंबासारखेच हे होते. फरक इतकाच की, ही माणसे रक्ताच्या नात्याची नव्हती. कॅरींची मुले या घरात आली, तेव्हा ती रानातल्या झाडासारखी वाढलेली होती. आई आजारी, वडील कामात गढलेले. त्यांना वळण कोण लावणार? ते काम हॅना मार्शमनबाईंनी आणि वॉर्ड यांनी अंगावर घेतले. मार्शमनबाईंनी मुलांच्या खाण्यापिण्याकडे, कपड्यांकडे व अभ्यासाकडे लक्ष पुरविले. वॉर्ड यांनी फीलिक्सला छापखान्यात हाताशी धरले. थोड्याच काळात तो द्वाड मुलगा खिळे जुळविण्यात तरबेज झाला.

१८०१ मध्ये बायबलच्या नव्या कराराचे बंगाली भाषांतर छापून पूर्ण झाले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कॅरींची महिना पाचशे रुपयांवर शिक्षक म्हणून नेमणूक झाली. इंग्लंडहून येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकविण्यासाठी हे कॉलेज काढलेले होते. शाळेचे तोंड फारसे न पाहिलेला जोडे शिवणारा तेथे बंगाली व संस्कृत शिकवू लागला. पुढे पगार हजार रुपयांपर्यंत गेला. पण स्वतःच्या गरजेपुरते ठेवून बाकी सर्व रक्कम ते श्रीरामपूरच्या सामाईक तिजोरीत भरीत. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी बंगाली संभाषणांचे एक पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध केले. त्यात सावकार व ऋणको, मजूर, कोळी, भांडणाऱ्या बायका अशा सर्वांची बोली आहे. मदनावतीच्या खेड्यांतून कानांनी गोळा केलेली संपत्ती ती हीच.

याच कॉलेजात कॅरींचा मराठीशी संबंध आला. बंगालमध्ये बसून मराठी शिकणे सोपे नव्हते. त्यांना साहाय्य मिळाले ते वैजनाथ नावाच्या मराठी पंडितांचे. दोघांच्या परिश्रमातून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. व्यवहारात मराठी माणूस त्या काळी मोडी लिपीच लिहीत असे. म्हणून या कोशातील मराठी शब्द मोडी अक्षरांत छापले गेले. पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर यांसारखे निष्णात बंगाली कारागीर श्रीरामपूरच्या छापखान्यासाठी निरनिराळ्या लिपींचे खिळे घडवीत. मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, हुगळीच्या काठी मोडीचे खिळे ओतले जात होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हे व्याकरण आणि हा कोश आज अपुरे वाटतात. पुढे मोल्सवर्थ यांनी फार मोठा कोश रचला. पण पहिली पायवाट कोणी तरी पाडावीच लागते.

इकडे शेजारच्या खोलीत डोरोथीबाई होत्या. त्यांना बहुतेक वेळ बंद खोलीतच ठेवावे लागे. त्यांना वेड्यांच्या इस्पितळात पाठवावे, असे काहींनी सुचविले. कॅरींनी ते मानले नाही. भिंतीच्या एका बाजूला पंडित आणि कॅरी शब्दांचे अर्थ ठरवीत बसलेले, आणि दुसऱ्या बाजूला त्या दुर्दैवी स्त्रीचा आक्रोश, असे त्या घराचे चित्र होते. ८ डिसेंबर १८०७ रोजी डोरोथीबाईंचे निधन झाले. कॅरींच्या ग्रंथांची मोजदाद पुष्कळांनी केली आहे. डोरोथीबाईंच्या नावावर एकही ग्रंथ नाही, आणि फुलीशिवाय दुसरी सही नाही. तरीही त्या ग्रंथांची किंमत त्यांनीही मोजली होती, हे विसरता येत नाही.

पुढच्या वर्षी कॅरींनी शार्लट रूमोर या बाईंशी विवाह केला. त्या डॅनिश मुलखातील एका सरदार घराण्यातील होत्या व प्रकृतीने अधू होत्या. पण अनेक भाषा जाणत आणि भाषांतरे तपासण्यात पतीस मदत करीत. तेरा वर्षे हा संसार सुखाचा झाला. मुले मोठी होऊन दूर गेली. फीलिक्स ब्रह्मदेशात गेला. तेथे नाव उलटून त्याची पत्नी व मुले बुडाली. तो परत आला आणि शरीरशास्त्रावर बंगालीत मोठा ग्रंथ लिहून १८२२ मध्ये वडिलांच्या आधीच वारला.

११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, खिळे, बहुभाषी कोशाची हस्तलिखिते, वर्षानुवर्षांचे श्रम एका रात्रीत भस्मसात झाले. कॅरी त्या वेळी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी राखेचे ढीग पाहिले. सुदैवाने खिळे पाडण्याचे मूळ पोलादी ठसे राखेत शाबूत सापडले. वितळलेला धातू गोळा करून लागलीच नवे खिळे ओतण्यास प्रारंभ झाला, आणि कॅरी पहिल्या पानापासून पुन्हा लिहावयास बसले.

लहानपणची वनस्पतींची आवड त्यांना सोडून गेली नव्हती. श्रीरामपूरला त्यांनी कित्येक एकरांची बाग फुलविली होती. १८२० मध्ये त्यांच्या पुढाकाराने कलकत्त्यास कृषी व उद्यान मंडळ स्थापन झाले. १८२३ च्या महापुरात बागेचा नाश झाला. त्यांनी ती पुन्हा लावली. एकदा इंग्लंडहून बियांची एक पिशवी आली. बिया काढून घेतल्यावर कॅरींनी ती रिकामी पिशवी बागेच्या एका सावलीच्या कोपऱ्यात झटकली. काही दिवसांनी तेथे एक कोवळे रोप दिसले. पाहतात तो डेझीचे! इंग्लंडच्या कोणत्याही कुरणात उगवणारे हे साधे फूल. परंतु ते पाहून कॅरींना झालेला आनंद अवर्णनीय होता. बंगालचा उन्हाळा त्या रोपाला सोसत नसे. म्हणून दरवर्षी ते त्याचे बी जपून ठेवीत आणि पुन्हा पेरीत.

४ डिसेंबर १८२९ रोजी सतीच्या चालीस बंदी करणारा कायदा झाला. त्याचे बंगाली भाषांतर करण्याचे काम कॅरींकडे आले. कागद हाती पडला तो रविवारी. रविवारचे प्रवचन त्यांनी क्वचितच टाळले असेल. पण विलंबाने एखादी जरी स्त्री चितेवर गेली तर, या विचाराने त्यांनी प्रवचन दुसऱ्यावर सोपविले आणि दिवस मावळण्यापूर्वी भाषांतर पुरे केले.

कॅरी स्वदेशी पुन्हा कधीच गेले नाहीत. अखेरच्या आजारात चालता येईनासे झाले, तेव्हा खुर्चीत बसवून त्यांना बागेत फिरवून आणीत. एके दिवशी ते खिन्न दिसले. मार्शमन यांनी कारण विचारले. आपण गेल्यावर मार्शमन या बागेत गाई सोडतील, अशी चिंता त्यांना लागली होती! मार्शमन यांना झाडाफुलांचे वेड नव्हते. तरीही बाग जिवापाड जपू, असे वचन त्यांनी दिले. ९ जून १८३४ रोजी कॅरींनी श्रीरामपूर येथे देह ठेवला.